सुट्ट्यांच्या आधी गर्दी टाळल्याने आजारपण खरोखर टळते का?

आपण विचारले आहे, की सुट्टीला निघायला तीन आठवडे उरले आहेत, मुक्काम वयस्क आईवडिलांकडे आहे आणि मागची सुट्टी तापात गेली. तेव्हा आतापासूनच बाजार, व्यायामशाळा, लग्नसमारंभ आणि कार्यालयातील सहकाऱ्याचा निरोप समारंभ हे सगळे बंद करावे का, आणि घरची मंडळी याला अतिरेक म्हणतात ते बरोबर आहे का. तीन आठवड्यांच्या बाबतीत घरच्यांचे बरोबर आहे आणि शेवटच्या पाच-सहा दिवसांच्या बाबतीत आपले, असे माझे मत आहे. मात्र त्या पाच-सहा दिवसांतही माणसांची संख्या मोजत बसण्यापेक्षा ती माणसे कोणत्या हवेत आणि किती वेळ एकत्र बसणार आहेत हे पाहावे. रुग्णालयात संसर्ग-नियंत्रणाचे काम मी बरीच वर्षे केले आहे, त्या अनुभवावर आणि वाचनावर हे उत्तर आधारलेले आहे; आपल्या आईवडिलांना एखादा जुना विकार असेल तर त्यांच्या डॉक्टरांचा शब्द अर्थातच अंतिम मानावा.

प्रथम दिवसांचा हिशेब पाहू. संसर्ग झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतचा काळ नेहमीच्या सर्दीत साधारण 1 ते 3 दिवसांचा, फ्लूमध्ये 1 ते 4 दिवसांचा, तर उलट्या-जुलाब घडवणाऱ्या नोरोव्हायरसमध्ये अवघा 12 ते 48 तासांचा असतो. कोविडच्या अलीकडच्या प्रकारांत तो बहुधा 2 ते 4 दिवसांचा असतो, क्वचित लांबतो. म्हणजे आज बाजारात लागलेली सर्दी आपण निघेपर्यंत बहुतेक ओसरलेली असेल. फार तर खोकला मागे रेंगाळेल, कारण सर्दीनंतरचा खोकला दोन-अडीच आठवडे टिकणे अजिबात असामान्य नाही. याउलट निघण्याच्या तीन दिवस आधी लागलेला फ्लू नेमका प्रवासात किंवा आईवडिलांच्या घरात डोके वर काढेल. त्यातली अडचण अशी, की फ्लूचा रुग्ण लक्षणे दिसण्याच्या साधारण एक दिवस आधीपासूनच इतरांना संसर्ग देऊ शकतो. त्यामुळे आपण ठणठणीत आहोत असे वाटत असतानाच तो वडीलधाऱ्यांपर्यंत पोहोचलेला असतो. गोवर आणि कांजिण्या यांचा काळ याहून बराच मोठा आहे, पण त्यांच्यावरचा उपाय लस हा आहे, गर्दी टाळणे नव्हे.

लसीचा विषय निघालाच आहे, तर उरलेल्या तीन आठवड्यांचा सर्वांत चांगला उपयोग तोच आहे. फ्लूची लस घेतल्यावर शरीरात पुरेसे संरक्षण तयार व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात. ती घ्यायची असेल तर याच आठवड्यात घ्यावी आणि आईवडिलांनाही याच आठवड्यात द्यावी. निघण्याच्या आदल्या दिवशी घेतलेली लस या सुट्टीच्या फारशी कामी येणार नाही.

आता गर्दीविषयी. 1977 साली अलास्कात घडलेली आणि दोन वर्षांनी वैद्यकीय नियतकालिकात नोंदवली गेलेली एक घटना मी नव्या सहकाऱ्यांना नेहमी सांगत असे. 54 माणसे असलेले एक विमान उड्डाणाच्या प्रयत्नात इंजिन बिघडल्याने तीन तास जमिनीवरच उभे राहिले. बहुतेक प्रवासी आतच बसून होते, त्यांच्यातल्या एकाला फ्लू होता आणि त्या काळात विमानातली हवा खेळती ठेवणारी यंत्रणा बंद होती. पुढच्या 72 तासांत 72 टक्के प्रवासी आजारी पडले. या नोंदीतला मला सर्वांत बोलका वाटणारा तपशील म्हणजे, आजारी पडण्याचे प्रमाण प्रत्येकाने विमानात किती वेळ काढला यानुसार बदलत गेले. 54 माणसांना कोणी गर्दी म्हणणार नाही. तेवढी माणसे एखाद्या मध्यम आकाराच्या समारंभातही असतात. बंद जागा, साचलेली हवा आणि तासन्‌तासांचा सहवास हे तिन्ही एकत्र आले म्हणून एका रुग्णापासून इतके जण आजारी पडले.

हा विचार आपल्या यादीला लावला तर तिचा क्रम बराच बदलतो. उघड्यावरच्या बाजारात शेकडो माणसे असतात, पण त्यातला प्रत्येक जण काही क्षणच आपल्या जवळ असतो आणि वारा वाहत असतो. तिथे जायला हरकत नाही. खिडक्या बंद करून आठ जणांनी दोन तास चालवलेली बैठक मात्र मी शेवटच्या आठवड्यात टाळेन, मग ती कितीही आटोपशीर वाटो. व्यायामशाळेत लोक धापा टाकत असतात, समारंभात मोठ्या आवाजात बोलतात किंवा गातात, आणि अशा वेळी श्वासावाटे बाहेर पडणारे सूक्ष्म कण शांत बसलेल्या माणसापेक्षा कितीतरी अधिक असतात. 2020 च्या मार्चमध्ये अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात एका गायनवृंदाच्या सुमारे अडीच तासांच्या सरावानंतर उपस्थित 61 जणांपैकी 53 जणांना कोविड झाल्याचे निश्चित झाले किंवा तसे मानले गेले, ते याच कारणाने असावे असा तपासकर्त्यांचा निष्कर्ष होता.

खोलीची हवा ओळखायला उपकरण लागतेच असे नाही. बाहेरून आत येताच हवा कोंदट वाटली, तर आपण इतरांनी सोडलेला श्वास बऱ्याच प्रमाणात आत घेत आहोत असे समजावे. कोणी सिगारेट ओढली असती तर तिचा धूर या खोलीत किती वेळ राहिला असता, हा प्रश्न मनाशी विचारला तरी पुष्कळ कळते. भिंतीवरच्या एसीमुळे फसगत होते ती वेगळीच: तो बहुधा खोलीतलीच हवा थंड करून पुन्हा खोलीत सोडतो, त्यामुळे गारवा जाणवला तरी ताजी हवा मिळतेच असे नाही.

गर्दी टाळण्याच्या नादात एक गोष्ट हमखास सुटते, ती म्हणजे आपलेच घर. श्वसनाचे कितीतरी संसर्ग घरातल्याच माणसाकडून, विशेषतः शाळेत किंवा पाळणाघरात जाणाऱ्या मुलांकडून येतात, आणि शेंबूड पुसायला हात पुढे करणाऱ्या मुलाला दूर लोटा असे मी सांगणार नाही. मात्र घरात कोणी शिंकू लागले तर खिडक्या उघड्या ठेवाव्यात, शक्य तर झोपण्याची व्यवस्था वेगळी करावी आणि टॉवेल वेगळे ठेवावेत. हात धुण्याचेही तसेच. प्रशिक्षणात आम्ही कर्मचाऱ्यांच्या हातांना अतिनील प्रकाशात चमकणारे मलम लावून त्यांना हात धुवायला सांगत असू आणि नंतर ते हात दिव्याखाली धरत असू. तळवे बहुधा स्वच्छ निघत, पण अंगठा आणि बोटांची टोके चमकत राहत, आणि नाक-डोळ्यांना आपण लावतो ती नेमकी बोटांची टोकेच. घरात उलट्या-जुलाब सुरू झाले असतील तर सॅनिटायझरवर विसंबू नये. नोरोव्हायरसवर त्याचा परिणाम कमी होतो. साबण आणि वाहते पाणीच वापरावे.

प्रवासाच्या दिवशी गर्दी टाळता येत नाही, म्हणून तिथे मास्क वापरावा, आणि तो एन-95 प्रकारचा व चेहऱ्याला नीट चिकटणारा असावा. चष्मा लावणाऱ्यांना याची परीक्षा सोपी आहे: काचांवर वाफ धरत असेल तर नाकाजवळून हवा निसटत आहे. विमान उडत असताना आतली हवा गाळली जाते आणि वेगाने बदलते. म्हणून मी मास्कची खरी वेळ रांग, प्रतीक्षागृह आणि विमानात चढून दारे बंद होईपर्यंतचा काळ ही मानते.

सर्वांपासून दूर राहण्याचीही किंमत असते. शेल्डन कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1997 साली 276 निरोगी स्वयंसेवकांच्या नाकात सर्दीच्या विषाणूचे थेंब टाकून पाहिले, तेव्हा ज्यांचे नाना प्रकारचे सामाजिक संबंध होते त्यांना सर्दी कमी झाली. त्याच संशोधकांच्या 2009 च्या अभ्यासात सात तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याचे प्रमाण आठ तास किंवा अधिक झोपणाऱ्यांच्या जवळपास तिप्पट आढळले. या संबंधांवरून कार्यकारणभाव पक्का ठरत नाही, हे खरे. तरीही निघण्याच्या आधीचे दोन-तीन दिवस सामान बांधण्यात रात्री जागून काढायचे आणि वर निरोप समारंभ टाळून आपण काळजी घेतली असे समाधान मानायचे, हा मला उलटा व्यवहार वाटतो.

त्या निरोप समारंभाबद्दल सांगायचे, तर तो निघण्याच्या आठवडाभर किंवा अधिक आधी असेल तर खुशाल जावे. शेवटच्या चार दिवसांत असेल तर तो गच्चीवर किंवा खिडक्या उघडता येतील अशा दालनात घेता येईल का असे विचारावे, आणि तेही जमणार नसेल तर अर्धा तास भेटून, शुभेच्छा देऊन निघावे. सहकाऱ्याला एकटे गाठून बाहेर चहाला नेणे हा पर्यायही आहेच.

आणि इतके करूनही निघण्याच्या सकाळी घसा खवखवू लागला, तर काय करायचे हे आईवडिलांशी आताच बोलून ठेवावे. त्या सकाळी तिकीट हातात असताना कोणालाच नीट विचार करता येत नाही. दोन-तीन दिवस उशिरा यायचे, की येऊन वेगळ्या खोलीत राहायचे, हे आधी ठरलेले असले की संकोच राहत नाही. त्यांच्या डॉक्टरांचा दूरध्वनी क्रमांकही जवळ ठेवावा, कारण फ्लूवरील विषाणूरोधक औषध लक्षणे सुरू झाल्यापासून 48 तासांच्या आत घेतले तर त्याचा सर्वाधिक उपयोग होतो.