दंड नव्हे, काडी

गोव्यातल्या आगशीच्या एका वांगीवाल्या वाचकाने विचारलंय: रोपं मरतात म्हणून आणलेल्या पुडीवर ‘बॅसिलस सबटिलिस’ लिहिलंय आणि दुकानदार त्याला ‘मातीतले कीटाणू’ म्हणतो. हे बरोबर का? आणि नावाचा अर्थ काय?

कीटाणू नको हो! हिंदी जाहिरातींतून घरात शिरलेला शब्द. तिथेही कीटाणू मारायचे असतात, पैसे मोजून वांग्यांच्या मुळाशी सोडायचे नसतात. जीवाणू म्हणा. विषाणू ही जातच वेगळी.

आता ‘बॅसिलस’. लॅटिनमध्ये ‘बाकुलम’ म्हणजे काठी, त्याचं लघुरूप बॅसिलस. (बॅक्टेरियम हा ग्रीक शब्दही छोटी काठीच.) परिभाषाकारांनी याचा ‘दंडाणू’ केला. मला तो कधीच पटलेला नाही. मूळ शब्दात दंड नाही, दांडकं नाही, काडी आहे. ‘लहानपणा अणूमध्ये आला की’, असं ते म्हणतात. आला, पण अणू गोलाणूलाही आहे आणि जीवाणूलाही. सगळ्यांनाच चिकटवलेल्या शेपटाने काठीची काडी होत नाही. शिवाय गोव्यात दंड म्हटला की हेल्मेट नसल्याचा आठवतो. काठीला आपण बडी म्हणतो.

पण खरी मजा ‘सबटिलिस’मध्ये. १८३५ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ एरेनबर्गने याला ‘व्हिब्रिओ सबटिलिस’ म्हटलं, १८७२ मध्ये फर्डिनांड कोन या दुसऱ्या जर्मन शास्त्रज्ञाने त्याला बॅसिलस या गटात आणलं. सबटिलिस मात्र टिकलं. अर्थ बारीक, सडपातळ. बहुतेक लोक इथेच थांबतात. पुढे चला. ‘सब’ म्हणजे खाली, ‘तेला’ म्हणजे मागावरचं कापड. ताण्याखालून जाणारा तलम धागा तो सबटिलिस. या ‘तेला’ शब्दाच्या मुळाशी ‘तेक्सेरे’, विणणे. आणि तेक्सेरेचा संस्कृत भाऊबंद तक्ष्, लाकूड घडवणे! त्यातूनच तक्षन् म्हणजे सुतार आणि आपलं तासणे. एक भाऊ मागावर बसला, दुसऱ्याने वाकस उचलला.

म्हणून माझं भाषांतर: तासलेली काडी. एरेनबर्गच्या डोक्यात सुतार नव्हता, असं एका विद्वान स्नेह्याने मला सुनावलं. नसेना. धातूला नातं लागतं, नाव ठेवणाऱ्याची परवानगी लागत नाही.

हां, वांगी राहिलीच. पुडीतला हा जीवाणू बीजाणू होऊन निजलेला असतो, म्हणून कोरड्या भुकटीतही टिकतो. ते बीजाणू उकळत्या पाण्यालाही सहजी दाद देत नाहीत. ओल आणि खाद्य मिळालं की जागे होतात. दुकानदाराला एवढं जरूर सांगा, आणि पुढच्या वेळी ‘कीटाणू’ म्हणाला तर तिथेच अडवा.