0.85 सेफ आणि 0.90 रिस्की? असं नसतं रे

तुझं पत्र वाचलं. सिव्हिल बीई, घर सांगलीकडे, नोकरी पुण्यात अमेरिकन प्रोजेक्ट्स करणाऱ्या ऑफिसात, आणि काम काय तर जुनी कम्पोझिट बीमची (स्टीलचा बीम आणि वरचा काँक्रीट स्लॅब एकत्र काम करतात तो) फाइल कॉपी करायची, लोड बदलायचे, रन मारायचा. त्या फाइलमध्ये बेंडिंगचा फाय (वाकण्याच्या ताकदीला सुरक्षेसाठी गुणायचा, एकापेक्षा कमी असलेला आकडा) 0.85 दिसला, टेबलमध्ये 0.90 होता, तू विचारलंस तर सीनियर म्हणाले "कमी आहे म्हणजे सेफ साइडला आहे, हात लावू नको". आणि बाबा म्हणतायत की पैसे भरतो, पुण्यात सॉफ्टवेअरचा मोठा कोर्स कर. कोर्स करू की गेट देऊ, हा तुझा प्रश्न.

कोर्सकडे नंतर येतो, आधी तो 0.85, कारण तुझ्या करिअरचं उत्तर मला तिथंच दिसतंय.

अमेरिकन स्टील कोडमध्ये कम्पोझिट बीमच्या पॉझिटिव्ह बेंडिंगला आधी 0.85 होता, 2005 च्या आवृत्तीत तो 0.90 झाला. तुझ्या फाइलमध्ये 0.85 आहे म्हणजे बहुतेक कोडच 1993 चा सिलेक्ट केलेला आहे आणि फाय त्याच्यामागून डिफॉल्ट म्हणून आलाय. आता गंमत अशी की 2005 मध्ये नुसता फाय वाढला नाही, त्याच वेळी डेकवरच्या, म्हणजे स्लॅबखालच्या खोबणीदार पत्र्यावरच्या, स्टडची (बीम आणि स्लॅबला जोडणारी स्टीलची खुंटी) ताकद कमी धरायला लागले, कारण टेस्टमध्ये दिसलं होतं की डेकच्या खोबणीत बसवलेला स्टड जुन्या फॉर्म्युल्याइतका ताकद देतच नाही. म्हणून दोन नवे फॅक्टर आले, एक खोबणीत किती स्टड आहेत त्याचा आणि दुसरा स्टड खोबणीत कुठे बसलाय त्याचा. म्हणजे एका हाताने दिलं आणि दुसऱ्या हाताने काढून घेतलं, आणि तुमची फाइल अजून पहिल्याच हिशोबात बसलीय.

आकड्यात बघ. डब्ल्यू 16 बाय 26 ह्या अमेरिकन स्टील सेक्शनचा बीम, 30 फूट स्पॅन, 50 केएसआयचं (केएसआय म्हणजे दर चौरस इंचाला एक किप) स्टील, 4 केएसआयचं साधं काँक्रीट, 2 इंची डेक बीमला आडवा, वर साडेतीन इंच काँक्रीट, दर फुटाला एक खोबण आणि प्रत्येकीत पाऊण इंची एक स्टड. अर्ध्या स्पॅनमध्ये 15 स्टड बसले. 1993 च्या हिशोबाने एक स्टड साधारण 26 किप (एक किप म्हणजे हजार पाउंड बल), म्हणजे 15 चे 390 च्या आसपास, आणि अख्खं स्टील ओढायला लागतात 384 किप, म्हणजे स्टड पुरले, फुल कम्पोझिट झालं. नॉमिनल मोमेंट (फाय लावायच्या आधीची वाकण्याची ताकद) 407 किप-फूट, गुणिले 0.85, आले 346.

आता नवा कोड लाव. तोच स्टड 17.2 किप, 15 चे 258, म्हणजे बीम 67 टक्केच कम्पोझिट. नॉमिनल उतरला 359 वर, गुणिले 0.90, आले 323.

कळलं का? ज्या फाइलला सगळे "सेफ" म्हणतायत ती जास्त कपॅसिटी दाखवतेय! आणि कोणी हुशारी करून जुन्या कोडवरच फाय तेवढा 0.90 टाकला तर 366 येणार, ते तर अजूनच चुकीचं. फॅक्टर हे भाजीवरच्या कोथिंबिरीसारखे वरून भुरभुरायचे नसतात, तो ज्या कोडचा आहे त्याच्या बाकीच्या सगळ्या सूत्रांबरोबरच तो खरा असतो. आणि स्टडला वेगळा फाय नाही म्हणून गोंधळू नको, अमेरिकन पद्धतीत कम्पोझिट बीममध्ये स्टडची अनिश्चितता बेंडिंगच्याच फायमध्ये धरलेली आहे. आपल्याकडे आयएस 11384 ची 2022 ची नवी आवृत्ती बघितलीस तर तिथे एकच फाय सापडणारच नाही, स्टीलला 1.10, काँक्रीटला 1.5, स्टडला 1.25 असे मटेरियलवर वाटलेले भागक आहेत. दोन्ही एकत्र करायचे नाहीत. (इंटरव्ह्यूला हे हमखास गोंधळात टाकतात, आणि गोंधळणारे पण खूप असतात.)

सीनियरशी भांडू नको. एक बीम हाताने कर, एका पानावर, डावीकडे जुना कोड उजवीकडे नवा, आणि "सर, ह्या जॉबला क्लायंटने कुठली आवृत्ती सांगितलीय?" एवढंच विचार. ड्रॉइंगच्या जनरल नोट्समध्ये ते लिहिलेलं असतं, ते आधी स्वतः वाचून जा. जॉब खरंच जुन्या कोडवरचा असेल तर 0.85 बरोबरच आहे आणि विषय संपला. नसेल तर ते पान चेकिंग इंजिनिअरपर्यंत जायलाच पाहिजे, तू नवा आहेस म्हणून गप्प बसायचा हा विषय नाही.

आता कोर्स. माझं स्पष्ट मत, नको. बटणं तुला ऑफिसात फुकट शिकायला मिळतायत, पगार घेऊन. कोर्सवाले कोड आणि फाय निवडायचा प्रेफरन्सेसचा डायलॉग उघडून "हे डिफॉल्ट ठेवा" म्हणूनच पुढे जातात, आणि तुझी अडचण नेमकी तिथेच सुरू होते. बाबांना सांग की पैसे वाचवून ठेवा, एमटेकला लागतील.

गेट द्यायची तर दे, पण नोकरी लगेच सोडू नको. परीक्षा फेब्रुवारीत असते, फॉर्म पावसाळा संपता संपता निघतात, आणि स्ट्रक्चर्सचा पाया तुझा रोजच्या कामात पक्का होतोच आहे. स्कोअर आला तर आयआयटी बॉम्बे, व्हीजेटीआय, सीओईपी, जिथे स्ट्रक्चर्सला बसेल तिथे. नाहीच आला तर अमेरिकेची एफई (इंजिनिअरच्या लायसन्सकडची पहिली) परीक्षा आहे, तुमच्यासारख्या ऑफिसात तिला किंमत आहे, पण ती दुसरा पर्याय म्हणून ठेव, दोन्ही एकदम अंगावर घेऊ नको.

आणि हो, तुमच्या प्रोग्राममध्ये त्या बीमचा सविस्तर रिपोर्ट काढ, एका स्टडची ताकद किती धरलीय ते छापून येतं. 17 च्या आसपास आहे की 26 च्या, एवढं मला कळव.