नेटमुळे मुलांना राजकारणात रस वाटू लागतो का?

मुलगा दिवसभर नेटवर असतो, त्याने त्याचा राजकारणातला रस वाढेल की होता तोही जाईल, असं तुम्ही विचारलंय. नुसत्या तासांवरून काही सांगता येत नाही. माझ्या दादाची दोन मुलं एकाच घरात, एकाच वायफायवर वाढली. धाकटा गेमपलीकडे काही उघडत नाही. टीव्हीवर एकच वाहिनी होती तेव्हा बातम्या निदान कानावर पडायच्या. आता त्या सहज टाळता येतात. रस असलेल्याला नेटवर हवं तेवढं मिळतं, नसलेल्यापर्यंत काही पोचतच नाही.

थोरली पंधरा वर्षांची. ऑस्ट्रियात 2007 पासून सोळाव्या वर्षी मत देता येतं, हे तिने एका रीलमध्ये पाहिलं आणि रात्री सगळे बसलेले असताना विचारलं, "बाबा, मग आपल्याकडे अठरा का?" दादा म्हणाला, "आधी दहावी हो." वर मोबाइल काढून घेतला. प्रश्न विचारल्याची शिक्षा! तेव्हापासून त्याच्यासमोर ती हा विषयच काढत नाही. माझ्याकडे आली. मी म्हटलं, सोळाच्या बाजूने काय काय म्हणतात ते शोध, विरोधातलंही शोध. ब्राझीलमध्ये सोळा-सतराच्या मुलांना मतदान ऐच्छिक आहे, हे तिनेच मला सांगितलं. "आत्या, मग ऐच्छिक ठेवायला काय हरकत आहे?" यावर आम्ही चांगल्याच भांडलो. अजून भांडतो. दादा म्हणतो, हे मोबाइलचं खूळ. मला साफ अमान्य आहे. विषय रीलने दिला, पण रस टिकला तो बोलायला समोर माणूस होतं म्हणून.

2010 च्या अमेरिकी निवडणुकीत फेसबुकवर सहा कोटींहून जास्त लोकांवर प्रयोग झाला होता. ज्यांना 'मत द्या' एवढंच दिसलं त्यांच्या मतदानात फरक पडला नाही. मत देऊन आलेल्या मित्रांचे चेहरे ज्यांना दिसले त्यांच्यात थोडा पडला. अर्थात ते सगळे प्रौढ होते, मुलांना तसंच्या तसं लागू होईल असं नाही. शिवाय एकाच बाजूचे व्हिडिओ बघून तावातावाने कॉमेंट करणाऱ्या मुलाला मी राजकारणात रस आहे असं म्हणणार नाही.

तुमचा मुलगा काही विचारेल तेव्हा "आधी अभ्यास" म्हणू नका. उत्तर येत नसेल तर तसं सांगा आणि दोघं मिळून शोधा. नेटचा वेळ कमी करायचा असेल तर जरूर करा, फक्त त्याने प्रश्न विचारला त्या दिवशी नको.