नोव्हगोरोदला तीन रात्री

प्रश्न : मी, यजमान, सहावीतली मुलगी, पहिलीतला मुलगा आणि बहात्तर वर्षांचे सासरे असे आम्ही पाच जण येत्या मे-जूनमध्ये रशियाला जायचे म्हणतो आहोत. सासऱ्यांना इतिहासाचे वेड असून वेलिकी नोव्हगोरोद पाहायचेच असा त्यांचा आग्रह आहे. आम्ही चौकशी केली त्या सहल कंपनीच्या आठ दिवसांच्या कार्यक्रमात मॉस्को आणि सेंट पीटर्सबर्ग आहे, नोव्हगोरोद नाही. "तिथे एका दिवसापलीकडे काही नाही आणि मुले कंटाळतील", असे त्यांनी सांगितले. हे खरे आहे का? सासऱ्यांचा गुडघा दुखतो, त्यामुळे चालणे किती पडेल याचीही काळजी वाटते.

उत्तर : सासऱ्यांचा आग्रह मोडू नका. सकाळी पीटर्सबर्गहून बसने नेऊन, तिथल्या क्रेमलिनला, म्हणजे जुन्या तटबंद किल्ल्याला, एक फेरी मारून संध्याकाळी परत आणणाऱ्या सहली निघतात, आणि त्या हिशेबाने "एका दिवसाचे" हे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. पण सहा वर्षांचे मूल आणि दुखरा गुडघा बरोबर असला की किती ठिकाणे पाहिली यापेक्षा एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाताना किती दमछाक झाली, हेच शेवटी लक्षात राहते. आठ दिवसांत मॉस्को आणि पीटर्सबर्ग दोन्ही उरकायचे तर रोजचे दोन-अडीच तास भुयारी रेल्वेच्या लांबलचक सरकत्या जिन्यांवर आणि रांगांमध्ये जातील. माझ्या मते आपण या खेपेस मॉस्को सोडून द्यावे, पीटर्सबर्गला चार रात्री राहावे आणि मध्ये तीन रात्री नोव्हगोरोदला काढाव्यात.

तिकीट काढताना नाव मात्र पूर्ण वाचा. निझ्नी नोव्हगोरोद हे मॉस्कोच्या पूर्वेला सुमारे ४०० किलोमीटरवरचे, व्होल्गाकाठचे निराळेच शहर आहे. आपल्याला हवे ते वेलिकी, म्हणजे थोरले, नोव्हगोरोद. ते पीटर्सबर्गच्या दक्षिणेला सुमारे १९० किलोमीटरवर व्होल्खोव नदीच्या दोन्ही काठांवर वसले आहे. पीटर्सबर्गमधल्या स्थानकाचे नाव "मॉस्कोव्स्की" असले तरी गोंधळून जाऊ नका. तिथूनच "लास्तोच्का" ही विजेवर धावणारी गाडी सुटते आणि साधारण तीन तासांत नोव्हगोरोदला पोचते. स्थानकापासून क्रेमलिन सुमारे दीड किलोमीटर, तेही सपाट रस्त्याने. क्रेमलिनच्या तटापासून जवळ हॉटेल घेतले, तर सासऱ्यांना दुपारी खोलीवर येऊन पडता येईल आणि मुलांचे फिरणे अडणार नाही. मोठ्या शहरात ही सोय पैसे मोजूनही मिळत नाही.

पहिला दिवस क्रेमलिनसाठी ठेवा. लाल विटांचा हा तट पंधराव्या शतकाच्या अखेरीचा, घेर जेमतेम दीड किलोमीटरचा. आत सेंट सोफिया कॅथेड्रल आहे. १०४५ ते १०५० या काळात बांधलेली ही वास्तू रशियातल्या आजही उभ्या असलेल्या दगडी चर्चमध्ये सर्वांत जुनी मानली जाते. मधल्या सोनेरी घुमटावरच्या क्रूसाकडे मुलांना नीट पाहायला सांगा, त्यावर एक कबुतर बसलेले दिसेल. १५७० मध्ये झार इव्हान चौथा याने शहरात कत्तल केली, ती पाहून कबुतर दगड झाले अशी दंतकथा आहे. त्यानंतरची हकिकत मात्र दंतकथा नाही. दुसऱ्या महायुद्धात हा क्रूस खाली पडला, जर्मनांच्या बाजूने लढणाऱ्या स्पॅनिश तुकडीतल्या सैनिकांनी तो स्पेनला नेला आणि २००४ मध्ये स्पेनने तो परत केला. आता घुमटावर प्रतिकृती आहे आणि मूळ क्रूस चर्चच्या आत ठेवला आहे.

चर्चसमोरच्या चौकात "रशियाची हजार वर्षे" हे १८६२ चे स्मारक आहे. प्रचंड घंटेच्या आकाराच्या या स्मारकावर राजे, सेनापती, संत, कवी अशा सव्वाशेहून अधिक आकृती आहेत. मुलीला एक काम द्या : यात इव्हान चौथा कुठे आहे ते शोध. तो सापडणार नाही, कारण त्या कत्तलीनंतर या शहरात त्याचा पुतळा बसवणे कोणाला जमले नाही. १९९७ च्या मालिकेतली पाच रूबलची नोट हाती लागली तर जपून ठेवा. तिच्यावर हेच स्मारक आणि मागे सोफिया चर्च आहे, उलट्या बाजूला तट. कोकुई बुरुजावर चढून दूरवरचे दृश्य दिसते, पण तो चढ मुलांनी आणि यजमानांनी चढावा; सासऱ्यांनी खाली बाकावर बसलेले बरे.

मुले कंटाळतील का, या प्रश्नाचे खरे उत्तर दुसऱ्या दिवशी मिळेल. इथली जमीन चिकणमातीची आणि पाणथळ आहे. खालच्या थरांत हवा पोचत नाही, म्हणून लाकूड, कातडे आणि झाडाची सालसुद्धा शतकानुशतके कुजली नाही. पूर्वी रस्ते ओंडक्यांचे असत आणि जुना रस्ता चिखलात खचला की त्याच्यावरच नवा घालत. उत्खननात वेलिकाया नावाच्या एकाच रस्त्याचे असे २८ थर निघाले, पहिला ९५३ सालचा आणि शेवटचा १४६२ चा. ओंडक्यांमधली वर्तुळे मोजून ही वर्षे ठरवता आली. २६ जुलै १९५१ रोजी पुरातत्त्वज्ञ आर्तेमी आर्त्सिखोव्स्की यांच्या मोहिमेत नीना अकुलोवा या कामावर आलेल्या स्थानिक स्त्रीला रस्त्याच्या दोन फळ्यांच्या फटीत भूर्जाच्या सालीची एक सुरळी सापडली. उलगडून पाहिले तर आत अक्षरे. तेव्हापासून अशी अकराशेहून अधिक पत्रे निघाली आहेत. भूर्जपत्र म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर शाईने लिहिलेली पोथी येते. इथे शाई नाही, टोकदार सळईने सालीच्या मऊ बाजूवर अक्षरे ओरखडलेली आहेत. मजकूरही पोथीचा नव्हे : कोणाकडे किती येणे आहे, मासळी पाठव, अमक्याला सांग की तमका आला नाही.

या ढिगाऱ्यात तेराव्या शतकाच्या मध्यावरचा, सहा-सात वर्षांचा असावा असा एक मुलगा आहे, ओनफीम. १९५६ मध्ये त्याच्या अभ्यासाच्या साली सापडल्या. एका सालीवर त्याने मुळाक्षरांची ओळ सुरू केली, अर्ध्यात सोडून दिली आणि उरलेल्या जागेत घोड्यावर बसून शत्रूला भाला मारणारा वीर काढला. वीराशेजारी नाव लिहिले आहे ते स्वतःचे. दुसऱ्या सालीवर एक जनावर आहे, शेपटी पिळलेली, आणि त्यावर लिहिले आहे : "मी जनावर आहे." त्याच्या माणसांच्या हातांना कधी तीन बोटे असतात, कधी सहा, आणि ती दाताळ्यासारखी पसरलेली. आपल्या पहिलीतल्या चिरंजीवांना हे दाखवा. साडेसातशे वर्षांपूर्वीचा वर्गमित्र भेटल्यावर पुढचे सगळे संग्रहालय तो आपणहून बघेल. २०१९ मध्ये शहराने ओनफीमचा पुतळाही उभारला. निघण्यापूर्वी घरी त्याची चित्रे दाखवून ठेवली तर तो पुतळा शोधणे हा मुलांचा स्वतःचा कार्यक्रम होईल. भूर्जपत्रे पाहण्यासाठी क्रेमलिनमधल्या मुख्य संग्रहालयात जायचे. ते मंगळवारी बंद असते, हे ध्यानात ठेवून दिवस ठरवा.

दुपारनंतर पादचारी पुलावरून पलीकडच्या व्यापारी पेठेच्या बाजूला जा. पुलाजवळ काठावर कठड्याशी टेकलेली, पायातले बूट काढून ठेवलेली एक दमलेली पर्यटक मुलगी ब्राँझमध्ये उभी आहे. सासऱ्यांना ती जवळची वाटेल. पलीकडे १११३ चे सेंट निकोलस कॅथेड्रल आणि आजूबाजूला लहान लहान जुनी चर्चे आहेत. चित्रकलेत कोणाला रस असेल तर इलिना रस्त्यावरच्या चर्चमध्ये ग्रीक थिओफानीस याने १३७८ मध्ये काढलेली भित्तिचित्रे जरूर पाहावीत. नसेल तर आइस्क्रीम घेऊन नदीकाठी बसावे, त्यात काही गमावले असे मला वाटत नाही.

तिसऱ्या दिवशी टॅक्सीने चार-पाच किलोमीटरवरच्या वितोस्लाव्लित्सीला जा. आसपासच्या खेड्यांतून उचलून आणलेली लाकडी घरे आणि चर्चे इथे मोकळ्या कुरणात पुन्हा उभी केली आहेत. त्यांतली काही सोळाव्या शतकातली आहेत. मुलांना पळायला भरपूर जागा आहे. डासांसाठी मलम मात्र बरोबर ठेवा. जवळच युरिएव मठ आहे आणि तिथून इल्मेन सरोवर सुरू होते.

प्रश्न : रशियात आपली कार्डे चालत नाहीत असे ऐकले. मग पैसे न्यायचे कसे? व्हिसासाठी वकिलातीत खेटे घालावे लागतात का? आणि सध्याच्या परिस्थितीत कुटुंब घेऊन जावे का?

उत्तर : शेवटचा प्रश्न आधी घेतो. २०२२ पासून युक्रेनशी चाललेल्या युद्धामुळे ड्रोनचा धोका दिसला की रशियातले विमानतळ काही तास बंद होतात आणि मोबाइलवरचे इंटरनेटही मध्येच तोडले जाते. तिकिटे काढण्यापूर्वी आणि निघण्याच्या आठवड्यात भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या सूचना वाचा, विमा कंपनीकडून रशिया वगळलेला नाही असे लेखी घ्या आणि परतीच्या विमानाच्या आदली रात्र पीटर्सबर्गमध्येच काढा. एवढे करूनही मन साशंक असेल, तर सहल पुढच्या वर्षावर टाकण्यात कमीपणा नाही.

व्हिसासाठी खेटे घालावे लागत नाहीत. १ ऑगस्ट २०२३ पासून भारतीयांना रशियाचा ई-व्हिसा मिळतो. छायाचित्र आणि पासपोर्टची प्रत जोडून घरबसल्या अर्ज करायचा, आणि तो प्रवासाच्या किमान चार दिवस आधी. मुलांचाही स्वतंत्र अर्ज लागतो. मुक्काम सुरुवातीला १६ दिवसांचाच होता, २०२५ मध्ये तो ३० दिवसांपर्यंत वाढवला. दिवस तारखेने मोजतात. रात्री साडेअकराला उतरलात तरी तो एक दिवस धरला जातो. प्रवेश एकदाच मिळतो, तोही ठरलेल्या विमानतळांवरून आणि नाक्यांवरून. पाहुण्यांची पोलिसी नोंद हॉटेल करते. म्हणून खासगी फ्लॅटच्या भानगडीत न पडता हॉटेलात उतरावे.

कार्डांचे आपण ऐकले ते खरे आहे. व्हिसा आणि मास्टरकार्ड या कंपन्यांनी मार्च २०२२ मध्ये रशियातले व्यवहार थांबवले, त्यामुळे बाहेरच्या बँकेने दिलेले त्यांचे कार्ड तिथे ना दुकानात चालते ना यंत्रात. रोख न्यावी लागते. इतर बहुतेक देशांना जाताना रोख परकीय चलनावर ३००० डॉलरची मर्यादा असते, ती रिझर्व्ह बँकेच्या नियमांत रशियासाठी नाही. रशियात शिरताना मात्र माणशी १०,००० डॉलरहून अधिक रक्कम असेल तर ती जाहीर करावी लागते. डॉलर किंवा युरो न्या आणि नोटा कोऱ्या घ्या. कडेला पेनाची बारीक रेघ असलेली माझी शंभराची नोट एका बँकेच्या खिडकीतून दोनदा परत आली होती, तिसऱ्या ठिकाणी ती कमी भावाने घेतली. रूबल पीटर्सबर्गमध्येच करून घ्या, पासपोर्ट बरोबर ठेवा, आणि सगळी रक्कम एकाच पिशवीत ठेवू नका. रशियन रेल्वेच्या संकेतस्थळावर आपले कार्ड चालत नसल्याने गाडीची तिकिटे स्थानकावर रोखीने किंवा एजंटामार्फत काढावी लागतील. शहराचा नकाशा निघण्यापूर्वीच फोनमध्ये उतरवून घ्या. परदेशी माणसाला तिथले सिमकार्ड मिळण्याचे नियम २०२५ पासून फार कडक झाले आहेत.

प्रश्न : आम्ही पूर्ण शाकाहारी आहोत, अंडेही खात नाही. नोव्हगोरोदसारख्या लहान गावात जेवणाचे काय? आणि मे बरा की जून?

उत्तर : एक शब्द पाठ करा : "पोस्नोये". ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांच्या उपासाचे अन्न असा त्याचा अर्थ. त्यात मांस, अंडी आणि दूधही नसते. मासा मात्र कधी कधी असतो, म्हणून "बेझ रीबी", म्हणजे मासा नको, हेही सांगावे. बोर्श्त हे बिटाचे सूप दिसायला शाकाहारी वाटते, पण ते बहुधा मांसाच्या पाण्यात शिजवलेले असते. नुसत्या भाज्या पाहून फसू नका. बटाट्याचे किंवा कोबीचे सारण भरलेले वारेनिकी, विनेग्रेत ही बिटाची कोशिंबीर, ग्रेच्का म्हणजे बकव्हीटचा मोकळा भात, राय धान्याचा काळा पाव आणि दही-ताकासारखे केफीर यांवर दिवस सहज निघतो. वारेनिकीच्या पिठात आणि ब्लिनी या पातळ धिरड्यात मात्र अंडे असू शकते, तेव्हा विचारून घ्या. हॉटेलची खोली किटली असलेली पाहा.

महिन्याचे म्हणाल तर मेचा पहिला पंधरवडा टाळा. १ मे आणि ९ मे या राष्ट्रीय सुट्ट्यांना जोडून लोक रजा घेतात, गाड्या आणि हॉटेले भरलेली असतात. मेचा शेवटचा आठवडा ते जूनचा दुसरा आठवडा सर्वांत चांगला. तेव्हाही संध्याकाळी नदीवर वारा झोंबतो, स्वेटर हवाच. चर्चमध्ये जाताना स्त्रियांनी डोके झाकायचे असते, त्यासाठी एक ओढणी पर्समध्ये असू द्या. जूनमध्ये इथे पुरता अंधार होत नाही, रात्री अकरा वाजताही बाहेर वाचता येईल इतका उजेड असतो. लहान मुले झोपत नाहीत. हॉटेलला आधी पत्र टाकून खिडकीला जाड, काळे पडदे आहेत का ते विचारा, नसतील तर घरून एक गडद चादर आणि चार चाप न्या.