घोट्यात प्लेट बसवायचीय? मग हे ऐक

भावा, ऑपरेशन म्हटल्यावर पोटात गोळा येणारच. पंचगंगा घाटाच्या ओल्या पायरीवरनं घसरून माझा घोटा मोडला, हाड जोडायला धातूची प्लेट बसवायची ठरली, तेव्हा माझीही तीच गत होती.

डॉक्टर लगेच ऑपरेशन करत नाहीत म्हणून चिडू नकोस. सूज उतरून कातडीवर सुरकुत्या दिसेपर्यंत बऱ्याचदा थांबतात. ताणलेल्या कातडीला टाके घातले की जखम उकलायची, पिकायची भीती असते. तोवर पाय छातीपेक्षा उंच ठेव. खुर्चीत बसून स्टुलावर ठेवणं म्हणजे उंच नव्हे, आडवाच पड.

नंतर बहुतेकांना ६ आठवड्यांच्या आसपास पाय टेकवू देत नाहीत. तुझं किती ते एक्स-रे बघून ठरेल. वॉकर आधीच आणून सवय कर. कमोडची खुर्ची भाड्यानं मिळते, लाजू नकोस.

तांबडा-पांढरा खुशाल ओरप, पण नुसत्या पायाच्या रश्श्यानं हाड जुळत नाही. तंबाखू, सिगरेट मात्र सोडच. हाड जुळायला खरंच वेळ लागतो त्यानं.

पोटरी सुजून दुखली, दम लागला किंवा छातीत दुखलं तर तडक दवाखाना गाठ. रक्ताची गुठळी असू शकते.

प्लास्टर निघालं की घोटा लाकडासारखा. फिजिओथेरपी इथंच कंटाळवाणी होते, आणि इथंच लोक सोडतात. मला रंकाळ्यावर चालायला चौथा महिना उजाडला, तेही बूट घालून. कोल्हापुरी चप्पल त्याहून नंतर. आणि प्लेट टोचत नसेल तर सहसा काढावी लागत नाही. माझी अजून आत आहे.