साठीनंतर व्हॅली ऑफ फ्लॉवर्सला चालत जायचं असेल तर आखणी कशी करावी?

तुम्ही लिहिलंय की तुमचं वय ६६, पत्नीचं ६२, राहायला पुण्यात. हिमालयात चालायला जायची ही पहिलीच वेळ. तुम्हाला रक्तदाबाची गोळी चालू आहे, त्यांचा एक गुडघा उतरताना दुखतो, आणि मुलगा म्हणतोय या वयात ही दगदग कशाला. उत्तराखंडमधली व्हॅली ऑफ फ्लॉवर्स, म्हणजे फुलांची दरी, आणि जवळचं हेमकुंड हे तीर्थस्थान अशी ऑगस्टमधली सहा दिवसांची सहल बघून ठेवली आहे, ती घ्यावी का?

जरूर जा. पण ती सहा दिवसांची सहल घेऊ नका.

मी साताऱ्याची, वय ७१. नोकरीतून निवृत्त झाल्यावर हिमालयात चालायला लागले, त्यामुळे तुमची धाकधूक मला चांगली ठाऊक आहे. सहा दिवसांचं वेळापत्रक हे नोकरदारांच्या रजेवरून बेतलेलं असतं. हरिद्वारहून एका दमात जोशीमठ, दुसऱ्या दिवशी घांघरिया (दरी आणि हेमकुंड दोन्हींसाठी मुक्कामाचं गाव), मग दरी, मग हेमकुंड, मग खाली, मग परत हरिद्वार. यात मोकळा दिवस एकही नाही. पाऊस लागला, पोट बिघडलं, गुडघा सुजला किंवा दरड कोसळून रस्ता बंद झाला, की ज्यासाठी एवढ्या लांब गेलो तेच हुकतं. आपल्याला सोमवारी कामावर हजर व्हायचं नाही. दम कमी झाला असेल, पण दिवस भरपूर आहेत, आणि डोंगरात दिवस हाताशी असणं फार मोलाचं असतं. हरिद्वार ते हरिद्वार बारा दिवस धरा.

ते असे. पहिल्या दिवशी रुद्रप्रयाग किंवा पीपलकोटीला मुक्काम. हरिद्वार ते जोशीमठ पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास भरतं. घाटातला हा प्रवास एका दिवसात केला तर कंबर आखडते आणि चालायला सुरुवात होण्याआधीच माणूस थकतो. जोशीमठ सुमारे १,९०० मीटरवर आहे, घांघरिया ३,०५० मीटरच्या आसपास. ही एकदम मोठी उडी आहे, म्हणून जोशीमठला दोन रात्री राहा. मधल्या दिवशी गाडीने औलीला जा, तिथे तासभर हळूहळू चाला आणि झोपायला परत खाली या. मग गोविंदघाटहून जीपने पुलना आणि तिथून चालत घांघरिया. तिथे चार रात्री ठेवा. पोचल्यानंतरचा दिवस फक्त जवळपास फिरण्यासाठी, एक दिवस दरीसाठी, आणि तिसरा दिवस दरीत दुसऱ्यांदा जायचं की हेमकुंडला, हे आदल्या रात्री गुडघ्याला विचारून ठरवायचं. उतरल्यावर बद्रीनाथ आणि माणा गाव करा. बद्रीनाथ गोविंदघाटहून पंचवीसेक किलोमीटरच आहे आणि त्या उंचीची तोवर सवय झालेली असते. उरलेले दिवस दरडींसाठी राखून ठेवा. परतीचं विमान किंवा रेल्वे डोंगरातून उतरतो त्याच दिवशीची कधीच काढू नका.

आता पुलना ते घांघरिया. अंतर नऊ-दहा किलोमीटर आणि चढ सुमारे हजार मीटरचा. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक हिशेब मांडला होता, तो आजही वापरतात: सपाटीवर पाच किलोमीटरला एक तास आणि वर दर सहाशे मीटर चढाला आणखी एक तास. त्या हिशेबाने इथे साडेतीन ते पावणेचार तास येतात. आपण ते सरळ दुप्पट धरायचे, चहापाण्यासकट सात तास. म्हणजे सकाळी सातला पाऊल टाकलं की दोन-अडीचला खोलीत. घाई नाही, अंधाराची भीती नाही. पाठीवर फक्त पाणी, रेनकोट, औषधं आणि सुका खाऊ. बाकी सामान खेचरावर किंवा पोर्टरकडे द्या. कितीही तब्येत चांगली असली तरी हा खर्च वाचवू नका. चालताना ज्याचा वेग कमी त्याने पुढे राहायचं. मागून येणारा आपोआप हळू चालतो आणि पुढच्याला कुणाला गाठायचं नसतं. नवरा-बायकोने हे एवढं पाळलं तरी निम्मी कुरबुर टळते.

तयारीसाठी सिंहगड तुमच्या दारात आहे. आतकरवाडीतून वर जाणारी वाट साधारण सहाशे मीटर चढते, म्हणजे पुलना-घांघरिया हे पावणेदोन सिंहगड समजा. पण पुण्यात बरेच जण चालत चढतात आणि पिठलं-भाकरी खाऊन गाडीने उतरतात. तुमच्या पत्नीला नेमकं उतरण्याचंच शिक्षण हवं आहे. चढताना दम लागतो, तो थांबलं की परत येतो. उतरताना मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच सगळं वजन पेलत असतात. ते कमजोर असले की भार गुडघ्यावर येतो. म्हणून निघण्याआधी चार महिने, आधी हाडांच्या डॉक्टरांना गुडघा दाखवून, फिजिओथेरपिस्टकडून मांडीचे व्यायाम शिकून घ्या. खुर्चीतून हाताचा आधार न घेता सावकाश उठणं-बसणं, मग जिने उतरणं, मग पर्वती, मग सिंहगड. चालण्याच्या काठ्या दोन घ्या, एक नको, आणि उताराला त्या थोड्या लांब करा. बूट नेहमीच्या मापापेक्षा किंचित मोठे घ्या आणि निघायच्या दोन दिवस आधी पायाची नखं कापा. उतारावर बोटं पुढे आपटून नखं काळी पडतात ती याच कारणाने.

रक्तदाबाबद्दल. वय जास्त म्हणून विरळ हवेचा त्रास जास्त होतो असं नाही, घाईने वर जाणाऱ्या तरुणांनाही तो होतो. मात्र हृदय आणि फुप्फुसं आधी तपासून घ्यायला हवीत. डॉक्टरांना नुसतं ‘फिरायला जातोय’ म्हणू नका. तीन हजार मीटरवर चार रात्री झोपणार, रोज सहा-सात तास चालणार, असं स्पष्ट सांगा. उंचीवर सुरुवातीला रक्तदाब वाढतो. तुमची गोळी लघवी वाढवणारी असेल तर अंगातलं पाणी कमी होण्याचा धोका असतो. उंचीसाठी लोक डायमॉक्स घेतात, तीही लघवी वाढवते आणि सल्फाची ॲलर्जी असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिला हात लावू नये. कुणाचं ऐकून स्वतःच्या मनाने ती सुरू करू नका, आणि चालू गोळी बंद तर मुळीच करू नका. औषधांचे दोन संच करून दोन वेगळ्या पिशव्यांत ठेवा. डोकं दुखतंय आणि जोडीला मळमळ आहे, तर त्या दिवशी वर जायचं नाही. बसल्या जागी धाप लागली, तोल जायला लागला किंवा बोलणं असंबद्ध झालं, तर सकाळची वाट न बघता खाली उतरायचं. ही चर्चा दोघांनी घरीच करून ठेवा, कारण तिथे गेल्यावर प्रत्येकाला वाटतं की आपल्यामुळे दुसऱ्याची सहल बुडू नये.

एक गोष्ट कुणी लिहीत नाही, म्हणून मी लिहिते. खोली ठरवताना कमोड आहे का आणि संडास खोलीला लागून आहे का, हे फोन करून विचारा. दुखऱ्या गुडघ्याने भारतीय पद्धतीच्या संडासात बसणं हे चढापेक्षा अवघड जातं, आणि आपल्या वयात रात्री दोन-तीनदा उठावं लागतं. ते टाळायला म्हणून लोक पाणी कमी पितात आणि दुसऱ्या दिवशी डोकं धरून बसतात. एक चांगली विजेरी उशाशी ठेवा. घांघरियात आणि जोशीमठला गढवाल मंडल विकास निगमची निवासस्थानं आहेत, खासगी हॉटेलंही आहेत. चौकशी लवकर करा.

कधी जावं? राष्ट्रीय उद्यान १ जून ते ३१ ऑक्टोबर उघडं असतं. फुलांचा भर जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत, आणि पाऊस अन् दरडींचा भरही तेव्हाच. तुमच्यासाठी मी ऑगस्टचा शेवटचा आठवडा किंवा सप्टेंबरची सुरुवात सुचवेन. फुलं थोडी कमी होतात, पण वाटा जरा बऱ्या असतात आणि वर हेमकुंडच्या बाजूला ब्रह्मकमळं दिसू शकतात. दरीत खेचरं सोडत नाहीत, मुक्कामही करू देत नाहीत. सकाळी लवकर शिरून संध्याकाळच्या आत बाहेर यावं लागतं. पुष्पावती नदीचा पूल ओलांडल्यावर एक खडा टप्पा आहे, तिथे घाबरू नका. तो संपला की वाट सौम्य होते आणि फुलं तिथूनच सुरू होतात. शेवटच्या टोकापर्यंत पोचण्याची गरज नाही. कास बघितलं असेल तर ते सपाट पठार आहे. इथे दोन्ही बाजूंनी बर्फाळ डोंगर, मधे नदी आणि कमरेइतक्या उंच झाडोऱ्यातून जाणारी वाट. दगडावर बसून तासभर नुसतं बघा. माझ्या लेखी चालायला जाण्याचं खरं सुख तिथे आहे.

हेमकुंड मात्र वेगळं प्रकरण. घांघरियाहून सहा किलोमीटरमध्ये हजार मीटरहून जास्त चढ, उंची चार हजार मीटरच्या वर, आणि तेवढंच सगळं त्याच दिवशी उतरायचं. खेचर मिळतं, पण बरेच जण वर खेचराने जातात आणि उतरताना चालतात, म्हणजे गुडघ्याला सगळ्यात जड भागच त्याच्या वाट्याला येतो. पत्नीचा गुडघा आदल्या दिवशी दुखला असेल तर त्यांनी दरीत पुन्हा जावं आणि तुम्ही एकट्याने हेमकुंड करावं, किंवा दोघांनीही दरीतच जावं. मला विचाराल तर दुसऱ्यांदा दरीत जाणं अजिबात कमी प्रतीचं नाही. तरीही हेमकुंडची शक्यता ठेवायची असेल तर उत्तराखंड पर्यटनाच्या संकेतस्थळावर आधीच नोंदणी करा.

मुलाशी वाद घालू नका. डॉक्टरांच्या तपासण्या, रोजचा मुक्काम, हॉटेलचे आणि गाडीवाल्याचे नंबर, आणि कुठल्या लक्षणाला मागे फिरायचं ते, हे सगळं एका कागदावर लिहून त्याच्या हातात द्या. जमलं तर जुलैत एका रविवारी त्यालाही सिंहगडावर घेऊन जा आणि तिघंही चालतच उतरा.