हॉलमध्ये नको, बागेत जाऊन विचार

पोरी,

तुझा लांबलचक मेसेज वाचला. निजामाच्या काळातली बाग, तिच्या सुशोभीकरणाचा डीपीआर, म्हणजे सविस्तर प्रकल्प अहवाल, तुमच्या ऑफिसकडं, लोकसहभागाची मीटिंग सभागृहात झाली आणि तिथं एकाला ओपन जिम पाहिजे, दुसऱ्याला म्युझिकल कारंजं, तिसऱ्याला सेल्फी पॉइंट, चौथा म्हणतो अर्धी जागा पार्किंगला द्या, आणि तू रडकुंडीला येऊन विचारतीस की काका, लोकांचं ऐकू का बाग वाचवू.

अगं पण लोकांचं तू अजून ऐकलंस कुठं? तू मीटिंगला आलेल्यांचं ऐकलंस. मीटिंगला येतो तो वेगळा आणि बागेत येतो तो वेगळा, हे मी मरेपर्यंत सांगत राहणार, तुला कंटाळा आला तरी. तूच लिहिलंस की हॉलमध्ये बायका चारच होत्या आणि त्यातली एक तुमच्याच ऑफिसची. बाकी सगळे वॉर्डातले पुढारी, त्यांची पोरं आणि चहा-बिस्किटं. याला लोकसहभाग म्हणून फोटो काढून रिपोर्टला लावायचा असेल तर लाव बापडी, मला विचारू नको मग.

बागेत जाऊन विचार. आणि सकाळी सहाला जाऊन मोकळी होऊ नको, सकाळी फिरणारे भेटतील, ते तर मीटिंगलाही येतात, त्यांचा आवाज आधीच मोठाय. तू दुपारी जा, एप्रिलच्या दुपारी. मोंढ्यातले, म्हणजे धान्यबाजारातले, हमाल झाडाखाली आडवे झालेले असतात, सरकारी दवाखान्यात ज्यांचा पेशंट आहे ती खेड्यातली माणसं भाकरीचं फडकं सोडून बसलेली असतात, स्पर्धा परीक्षेची पोरं असतात ज्यांना अभ्यासिकेची महिन्याची फी झेपत नाही म्हणून ती ओट्यावर पुस्तकं मांडून बसतात. यातल्या एकालाही तुझ्या मीटिंगचा निरोप गेलेला नाही. गूगल फॉर्म तर विचारूच नको. त्या भाजीवाल्या मावशी, ज्या टोपलं बाजूला ठेवून चप्पल उशाला घेऊन घटकाभर पडतात, त्यांनी तुझा फॉर्म कधी भरायचा? त्यांना विचार, मावशी इथं काय पाहिजे. ओपन जिम म्हणणार नाहीत. बाथरूम म्हणतील. आणि पाण्याचा माठ.

मग संध्याकाळी बस आणि नुसतं बघ की बायका किती वाजता उठून निघतात आणि बागेच्या कोणत्या कोपऱ्याकडं त्या फिरकतच नाहीत. तिथं अंधार असतो, नाहीतर पत्ते खेळणारे असतात, नाहीतर दोन्ही. हे तुला कोणी मीटिंगमध्ये माईक हातात घेऊन सांगणार नाही.

आणि मागच्या भिंतीचं ते भगदाड, ज्याचा फोटो तू 'अतिक्रमण व नुकसान' म्हणून पाठवलास. तिथली माती बघितलीस का कशी घट्ट तुडवलेली आहे? गेट एका बाजूला आणि वस्ती दुसऱ्या बाजूला, लोकांनी भिंत पाडून तुला सांगितलंय की दार इथं पाहिजे. तुझे साहेब तिथं विटा लावून वर काचा बसवणार. तू तिथं गेट दाखव नकाशात. त्याला काही डिझाइन अवॉर्ड लागत नाही.

आता पाण्याचं, कारण तुझ्या आठ पानी मेसेजमध्ये पाणी हा शब्द एकदाच आला तो पण कारंज्यात. पोरी, आपण मराठवाड्यात राहतो. मलिक अंबरनं १६१० मध्ये खडकी, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, वसवली आणि डोंगराकडचं पाणी जमिनीखालून नहरीनं गावात आणलं, ना मोटर ना वीज, नुसत्या उतारावर. तिथल्या पाणचक्कीला आजही पर्यटक जातात, जातं बघतात, फोटो काढतात, पण पाणी मातीच्या नळातून कुठून आणलं ते कोणी बघत नाही. बीडची खजाना बावडी, ती जुनी विहीर, बघ. जुन्या लोकांनी आधी पाणी बघितलं आणि मग बाकीचं सगळं. आपण आधी लॉन काढतो थ्रीडीमध्ये हिरवंगार आणि पाण्यासाठी एस्टिमेटमध्ये एक ओळ टाकतो, 'बोअर खोदणे, एक नग'. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं, पहिल्या खेपेला १० वाघिणी, पाच लाख लिटर. तू तेव्हा शाळेत असशील. त्या उन्हाळ्यात लॉनला पाणी घाला म्हणायची कोणाची टाप होती?

पाण्याचं सुद्धा बागेतच विचार. माळ्याला विचार. आताचा कंत्राटी पोरगा नाही, जुना, रिटायर झालेला, तो गल्लीतच कुठंतरी राहत असेल. तुझ्या फोटोत तो जो कोरडा हौद आहे, कचऱ्यानं भरलेला, त्याच्या एका बाजूला भिंतीत भोक दिसतंय. ते कुठून येतं? हौद आहे म्हणजे त्याला भरणारं काहीतरी होतं, विहीर असेल, चर असेल. तुमच्या सर्व्हेयरनं हौदाची लांबी-रुंदी घेतली आणि पुढं गेला. त्या भोकात हात घालून बघणारा माणूस तुला पाहिजे.

हे मी एवढं तावातावानं कामून सांगतोय ते पण सांगतो. एका नगरपालिकेत असताना, नाव लिहीत नाही, माणसं हयात आहेत, अशीच बाग होती. तिथल्या म्हाताऱ्या माळ्यानं मला झुडपं बाजूला करून विहीर दाखवली, दगडी, आत उतरायला पायऱ्या, गाळ काढला तर मे महिन्यातही पाणी धरते म्हणाला. मी एस्टिमेटमध्ये गाळ काढणं टाकलं, वरून ते खोडलं गेलं आणि त्या जागी रंगीत कारंजं आणि लॉन आलं. मी सही केली नाही. मग काय, फाइल दुसऱ्या टेबलावर गेली आणि मी जन्म-मृत्यू नोंदणीला. विहिरीत पाडकामाचा मलबा टाकला आणि वर स्टेज बांधलं. कारंज्याची मोटर पहिल्याच वर्षी जळाली, लॉनचं काय झालं ते सांगायची गरज नाही. आमच्या घरी अजून निघतं की सही केली असती तर काय बिघडलं असतं, प्रमोशन झालं असतं, तुमच्या सहीवाचून काम थोडंच अडलं. नाही अडलं. पण त्या कागदावर माझं नाव नाही, आणि मी हट्टी असेन, सगळे म्हणतात तसा भांडखोर असेन, तरी माळ्याचं ऐकलं म्हणून माझं काही चुकलं असं मला आजपण कोणी पटवून दाखवावं. खंत वाटते ती दुसरीच. त्या पायऱ्यांचा एक फोटो माझ्याकडं नाही. तेव्हा खिशात कॅमेरे नव्हते. तुझ्या खिशात आहे, तर हौदाचे, भिंतीचे, प्रत्येक जुन्या दगडाचे फोटो आजच काढून ठेव, काम सुरू झाल्यावर नाही.

आता तू म्हणशील की काका, बागेतली माणसं पण वेगवेगळंच सांगणार. सांगू दे की. त्यांचा झगडा जागेचा नसतो, वेळेचा असतो बऱ्याचदा. पोरांना क्रिकेटला मोकळी जागा संध्याकाळी पाहिजे, हमालाला सावली दुपारी पाहिजे. ते तू सोडवशील, तेवढी अक्कल तुला आहे म्हणून तर उत्तर देत बसलोय.

मात्र सगळंच विचारायला काढू नको. इथं मी माझ्याच बोलण्याच्या उलट जातोय असं वाटेल, वाटू दे. जुनं झाड ठेवायचं का तोडायचं यावर मतं मागायची नाहीत. ती चिंच आणि तो वड ५० वर्षांच्या पुढचे असणारच, २०२१ ला झाडांच्या कायद्यात दुरुस्ती झाली त्याप्रमाणं ५० वर्षं आणि त्याच्या वरचं झाड म्हणजे हेरिटेज, पार्किंगवाल्याला तो कायदा दाखव. पेव्हर ब्लॉक खोडापर्यंत नेऊन भिडवायचे नाहीत, आळं मोकळं सोड, नाहीतर झाड तोडावं लागणारच नाही, आपोआप मरेल. बाजूची कमान कोणाच्या यादीत आहे ते आधी काढ, केंद्राच्या संरक्षित यादीत असली तर १०० मीटरपर्यंत नवीन बांधकाम बंद आणि पुढच्या २०० मीटरला परवानगी लागते, आणि हे कळायच्या आधी तुम्ही फूड कोर्टाचं ड्रॉइंग काढून बसलात! हौदाचं काम चुन्यातलं असेल तर त्याला सिमेंट लावू देऊ नको. चुन्याची भिंत ओल बाहेर टाकते, सिमेंटनं ती आतच कोंडते आणि दोन-चार पावसाळ्यांत दगडाचे पोपडे सुटतात. कंत्राटदार म्हणेल चुन्याचं काम करणारा मिस्त्री मिळत नाही. मिळतो, शोधावा लागतो, आणि त्याला वेळ द्यावा लागतो.

बांधायला पैसे येतात, सांभाळायला येत नाहीत, हे तुला माहितीच आहे. म्हणून जे काही ठरवशील त्याला चाभी कोणाकडं राहणार ते लिही. बाथरूमची चाभी, वॉल्व्हची चाभी, मागच्या गेटची चाभी. डीपीआरमध्ये अशी जागा नसते, तू करून घे, एक पान जास्त जोड.

शुक्रवारची दुसरी मीटिंग सभागृहात घेऊ नको. बागेतच घे, दुपारी चारला, वडाखाली, खुर्च्या अजिबात मागवू नको, सतरंजी टाक, खुर्च्या आल्या की पुढच्या रांगेत परत तेच बसतील. माईक नको. पीपीटी तर नकोच. साहेब चिडले तर माझं नाव सांग, आमचं तसंही पूर्वीपासून जमत नाही. आणि तुमच्या बागेच्या त्या रिटायर माळ्याला आणायला रिक्षा पाठव, भाडं मी देतो.